गाडीचे दात

"आजी, गाडीला दात नसतात. ती चावत नाही. ती पेट्रोल पिते."

मॅनेजर असं म्हणाला आणि अख्खा शोरूम हसला. काउंटरवरची मुलगी हसली. गाड्या पुसणारे दोघे फडकी हातात धरून हसले. पलीकडच्या सोफ्यावर गाडी घ्यायला आलेला एक साहेब बसला होता, तो हसला, त्याची बायको हसली. दोन दिवसांपासून आमच्याशी बोलत असलेला विक्रेता, तो टायवाला, तर टेबलाला धरून हसला.

काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल वर केला होता. ते पाहून मॅनेजर मला म्हणाला, "परत एकदा बोला ना आजी. काय विचारलं तुम्ही?"

मी परत बोलले. "गाडी किती दाताची हाय?"

परत हसले.

माझी मुलगी ललिता माझ्या शेजारी बसली होती. तिनं टेबलाखालून माझ्या लुगड्याचा काठ ओढला. "माय, चूप राह्य," म्हणाली. हळूच म्हणाली, पण रागानं म्हणाली.

आणि मी काय केलं? मी पदर तोंडाला लावला आणि मीही हसले.

त्यांचं हसणं मी विसरले असते. माझं विसरता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. लिहिताना शाळेत शिकवलं तसं लिहिते. बोलणं मात्र जसं झालं तसं ठेवते.

दात म्हणजे वय. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. बैलाला समोर वरचे दात नसतात, खालचे आठ असतात. आधी दुधाचे. त्यातले दोन पडून मोठे आले की बैल दोन दाताचा झाला. मग चार, मग सहा. आठही आले की जुडला. विकणारा तोंडानं काहीही सांगो, बैलाचं तोंड खोटं बोलत नाही. कोणी लबाड असतो, तो कानस मारून दात घासतो आणि म्हातारा बैल तरणा म्हणून उभा करतो. माझा बाप ते अंगठ्यानं ओळखायचा. मला भाऊ नव्हता, म्हणून बाप मलाच सानगडीच्या बाजाराला घेऊन जायचा. बैलाच्या जबड्यात पहिल्यांदा हात घातला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. पुढे नवरा गेला तेव्हा घरच्या बैलजोड्या मीच पाहून घेतल्या. बाजारातले लोक आधी बाई म्हणून तोंड वाकडं करायचे. एकदा मी जबडा उघडला की भाव सरळ सांगायचे. बाजारात पहिला प्रश्न हाच. रंग नंतर, शिंगं नंतर, भाव तर फारच नंतर. आधी दात.

मग ट्रॅक्टर आले. बैल गेले. ट्रॉलीचं टायर घ्यायला मी एकदा साकोलीला गेले, तेव्हा टायरवाला म्हणाला, "काकी, टायरले बी दात असतात." त्यानं टायरच्या अंगावर बोट ठेवून चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. मी चौथी शिकले आहे. आकडे मला वाचता येतात.

म्हणजे मी विचारलं ते वेड्यासारखं विचारलं नव्हतं.

गाडी ललितासाठी हवी होती. ललिता नवऱ्याचं घर सोडून आली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या हातात लांब पोळी आहे. गव्हाचं सैल पीठ दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचं आणि उलट्या तापलेल्या मडक्यावर टाकायचं. सगळ्यांना जमत नाही. लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे ही पोळी लागतेच. ललिता चार बायांना घेऊन ऑर्डरी घेते. मडकी, पराती, पिठाची पोती आणि बाया, हे सगळं भाड्याच्या टेम्पोत जायचं. टेम्पोवाला वेळेवर यायचा नाही. खड्ड्यातून गाडी हाणायचा, दर वेळी दोन मडकी फुटायची. बायांना म्हणायचा, मागं मडक्यासंगं बसा, तुमी बी मातीच्याच.

त्या बोलण्यावरून ललितानं गाडी चालवायला शिकायचं ठरवलं. शिकली. लायसन काढलं. दिवाळीनंतरच्या लग्नांची पहिली मोठी ऑर्डर लाखांदूरला होती. ठेकेदारानं बजावलं होतं की स्वतःच्या गाडीनं वेळेवर येत असाल तर काम तुमचं, नाहीतर नागपूरहून बाया आणतो. त्यानं ते काम नीट पार पडलं तर पुढच्या सगळ्या मोसमाची कामं देईन म्हटलं होतं. म्हणून आम्ही दोघी भंडाऱ्याला गेलो. मागची सीट काढली की मडकी बसतील अशी सात सीटची गाडी पाहायला.

शोरूमच्या दारातच टायवाल्यानं विचारलं, "मागून कोणी जेन्ट्स येत आहेत का?"

ललिता म्हणाली, "आमीच हाओत."

तो बरं म्हणाला. पण बोलताना त्याची नजर आमच्या डोक्यावरून दाराकडेच जात होती. एखादा माणूस येईल आणि मग खरी गोष्ट सुरू करू, अशी.

हॉलमध्ये पांढरी गाडी उभी होती. ललिता पुढं बसली, मी मागचं दार उघडलं. टायवाला धावत आला. "आजी, चप्पल काढून बसा. मॅट नवीन आहे." मी चप्पल काढली. ललितानंही काढली. शेजारच्या गाडीत एक माणूस बुटांसकट चढला, त्याला कोणी काही म्हटलं नाही. मी ते पाहिलं. 

मी टायवाल्याला विचारलं, बाबू तू कोणत्या गावचा. तो म्हणाला, पवनी साइड. मी म्हटलं पवनी साइडला गावं काय कमी आहेत. मग तो आसगाव म्हणाला. इकडंतिकडं पाहून म्हणाला, चोरी कबूल केल्यासारखं.

मग त्यानं कागद काढला. सगळा इंग्रजीत. ललिता दहावी शिकलेली आहे, तिनं एकेक ओळ वाचली. गाडीची किंमत, आरटीओचे, विम्याचे. इथपर्यंत ठीक. पुढं हँडलिंगचे म्हणून पैसे लावले होते. मी विचारलं हे काय. तो म्हणाला, गाडी कंपनीतून इथं आणायची, सांभाळायची, त्याचे. मी म्हटलं, बैल विकणारा बैल बाजारात चालवत आणला म्हणून वेगळे पैसे मागते का? विकायचा हाय तर आणनच.

त्याखाली कोटिंगचे पैसे. विचारलं तर म्हणाला, पावसानं गंजू नये म्हणून. मी म्हटलं, म्हणजे तुमची गाडी पावसानं गंजते, असं तुमीच सांगून राहिले.

ललिता हसली. टायवालाही हसला. मॅनेजर बाहेर आला, म्हणाला, आजी तर वकील निघाल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मला वाटलं, हा आपलाच बाजार आहे, फक्त फरशी चकचकीत आहे. पण मॅनेजरनं कमी काहीच केलं नाही. हँडलिंग कंपनीचा नियम आहे म्हणाला. कोटिंग सगळेच करतात म्हणाला. विमा इथूनच घ्यावा लागेल म्हणाला. लग्न तोंडावर होतं. ललितानं बुकिंगचे पैसे भरले. पावती घेतली. आम्ही एसटीनं परत आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. या, तुमच्यासाठी खास भाव काढला आहे.

गेलो. मॅनेजर स्वतः समोर बसला. हँडलिंग माफ. कोटिंग फुकट. मॅट फुकट. वर किमतीत भली मोठी सूट. अट एकच, आज सही करायची. हॉलमधली गाडी मिळणार नाही, मागं यार्डात तशीच एक तयार आहे, तोच रंग, तीच गाडी. परवा घेऊन जा. तुमच्या लग्नाच्या ऑर्डरीच्या आधी.

ललिताचे डोळे चमकले. तिनं पेन हातात घेतला.

काल एक पैसा सोडत नव्हता तो माणूस. आज न मागता सगळं सोडून राहिला. आपणहून उतरलेला भाव पाहिला की माझा बाप बैलाचे पाय पाहायचा. मी ललिताच्या हातावर हात ठेवला. आणि मॅनेजरला विचारलं, गाडी किती दाताची हाय.

मग ते झालं. वर लिहिलं ते.

हसताना मला एकदम शाळा आठवली. चौथीत होते. बाहेरचे इन्स्पेक्टर आले होते. त्यांनी विचारलं, बेडूक कुठे राहतो? मला येत होतं. मी हात वर केला आणि उभी राहून म्हणाले, बोडीत. आमच्या झाडीपट्टीत लहान तळ्याला बोडीच म्हणतात. तलाव मोठा, बोडी लहान. इन्स्पेक्टर म्हणाले, "बोडीत? कोणाच्या बोडक्या डोक्यात?" आणि हसले. गुरुजी हसले. गुरुजी आमच्याच गावचे, बोडीच्या पाळीवर त्यांचं घर. वर्गातली पोरं हसली. ती सगळी पोरं सकाळी त्याच बोडीत म्हशी धुऊन आली होती. मग मीही हसले. हसत हसत खाली बसले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत मी हात वर केला नाही. पुढं आमच्या गावात शाळाच नव्हती.

तेव्हापासून मी हे करत आले. ज्यानं ज्यानं मला पाहून हसायचं ठरवलं, त्याच्याबरोबर मी हसले. बँकेत अंगठा नको सही करते म्हटलं, साहेब हसला, मी हसले. दवाखान्यात पोटाचं दुखणं मी माझ्या शब्दानं सांगितलं, डॉक्टरीण हसली, मी हसले. हसलं की सुटका होते. समोरच्याला वाटते हिला काही लागलं नाही. आपल्यालाही थोडा वेळ तसंच वाटते. साठ वर्षं निघून जातात.

मी उठले. बाथरूम कुठं म्हणून विचारलं. गाडी पुसणाऱ्यानं मागचं दार दाखवलं. खरं म्हणजे मला बाथरूमला जायचं नव्हतं. मला त्या खुर्चीत बसवत नव्हतं.

मागं यार्ड होतं. पाच-सहा पांढऱ्या गाड्या ओळीनं उभ्या. शेवटच्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवलेला. कागदावर ललिताचं नाव इंग्रजीत. तिच्या पोळीच्या पावतीवर ती अक्षरं छापली आहेत, म्हणून मला ओळखू येतात. अजून सही झाली नव्हती. नाव मात्र लागलं होतं. त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गाडी वरून धुतलेली होती. चकचकीत. मी खाली पाहिलं. चाकांच्या भोवती वाळलेलं गवत गुडघ्याइतकं. मागच्या चाकाच्या भोकातून एक वेल आत शिरली होती, गुंडाळली होती आणि तिथंच वाळली होती. वेल एका दिवसात चढत नाही. अख्खा पावसाळा गाडी जागची हलली नव्हती. टायर बुडाशी दबलं होतं, एका जागी बांधलेल्या बैलाचे पाय सुजतात तसं.

मी खाली बसले. चष्मा लावला. पदरानं टायरवरचा चिखल पुसला. आकडे शोधायला वेळ लागला. सापडले. शेवटचे दोन गेल्या वर्षाचे होते. मी चारही चाकं पाहिली. गुडघे जमिनीवर टेकवत, दारांना धरत, एकेक चाक पाहिलं. चारही गेल्या वर्षाची.

दात होते. घासून ठेवले होते, पण होते.

मी तिथं बसून रडले बिडले नाही. मला राग आला. असा राग मला नवऱ्यावर आला नव्हता, पटवाऱ्यावर आला नव्हता. फसवलं म्हणून नाही. बाजारात फसवणारे मी आयुष्यभर पाहिले, त्यांचं तोंड मी उघडून पाहिलं आणि त्यांनी मान खाली घातली. इथं मी बरोबर प्रश्न विचारला होता. त्यांच्या पोटातली चोरी दिसेल असा एकच प्रश्न होता आणि तोच विचारला होता. त्याचं उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं म्हणून ते हसले. आणि मी त्यांना मदत केली. मी हसून त्यांची चोरी झाकली.

बोडी हा शब्दही बरोबर होता.

मी काचेवरचा ललिताच्या नावाचा कागद काढला. नखानं सोडवून सोडवून काढला, फाटू दिला नाही. तो घेऊन आत गेले आणि टेबलावर ठेवला.

मॅनेजर म्हणाला, अरे आजी, हे काय केलं.

मी त्याच्याशी बोलले नाही. टायवाल्याकडे वळले. "तू आसगावचा नं?"

"हो आजी."

"घरी बैल होते?"

त्यानं मॅनेजरकडे पाहिलं.

"त्याले नोको पाहू. मी तुले विचारून राहिली. होते का नव्हते?"

"होते," तो म्हणाला.

"मंग दात म्हंजे काय, ते तुले माहीत होतं. तू काहून हासला?"

त्यानं मान खाली घातली. टाय सारखी केली. त्याच्या बापानं एखाद्या बाजारात माझ्यासमोर बैलाचा जबडा उघडून धरला असेल. त्या हॉलमध्ये माझा प्रश्न समजला असा तो एकटाच होता, आणि सगळ्यात जास्त तोच हसला होता. मॅनेजरचा राग मला कमी आला. मॅनेजरला शब्द माहीत नव्हता. ह्याला माहीत होता आणि ह्यानं तो विकला.

मग मी मॅनेजरला सांगितलं, गाडी गेल्या वर्षीची हाय. चारही टायर पाहून आली. तो आवाज खाली करून म्हणाला, चला आत केबिनमध्ये बसू, चहा घेऊ, शांतपणे बोलू.

मी म्हटलं, "हासले बाहेर, आन बोलणं आत कायले?"

तो म्हणाला, टायर आधी बनतात, गाडी नंतर, त्यावरून काही ठरत नाही. मी म्हटलं, तसं असन. मग कंपनीचा कागद दाखव, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लिहिलेला. असा कागद असतो हे मला माहीत नव्हतं. पण माल आहे तर त्याचा जन्म कुठंतरी लिहिला असेल, एवढी अक्कल मला आहे. तो म्हणाला, सिस्टीम बंद आहे, उद्या दाखवतो. आणि लगेच, उद्याची वाट न पाहता, त्यानं सूट आणखी वाढवली.

 सोफ्यावरच्या साहेबाची बायको साहेबाच्या कानात काही बोलली. साहेब उठला आणि टायवाल्याला म्हणाला, आमची गाडी कोणत्या महिन्यातली आहे, जरा कागद दाखवा. माझ्याकडे त्या दोघांनी पाहिलं नाही. हसताना पाहिलं होतं.

ललिता मला बाजूला घेऊन म्हणाली, "माय, घेऊन टाक. एवढा सस्ता कोणी देणार नाही. लगीन आठ दिवसावर हाय."

तिचं खोटं नव्हतं. तिला गाडी हवी होती, त्या टेम्पोवाल्यापासून सुटका हवी होती. गाडी जुन्या सालाची असली तरी चालली असती. म्हातारा बैलही लोक घेतात. मीही घेतला आहे. पण त्याला म्हातारा म्हणून उभा करायला पाहिजे. दात दाखवून विकलं तर ते विकणं. दात झाकून, वरून हसून, नाव आधीच चिकटवून विकलं तर ते दुसरं काहीतरी आहे.

मी मॅनेजरला सांगितलं, ह्याच भावात घेतो. फक्त एका कागदावर लिहून दे. गाडी गेल्या वर्षी बनलेली हाय, वर्षभर उघड्यावर उभी होती. मराठीत लिही. खाली तुझी सही.

"असं आम्ही लिहून देत नाही," तो म्हणाला.

"मंग आमी घेत नाही."

तो म्हणाला ठीक आहे, तुमची मर्जी, बुकिंग रद्द केल्याचे पैसे कापून बाकीचे महिनाभरात खात्यात येतील. नियम आहे.

मी वाद घातला नाही. मी हॉलमधल्या त्या पांढऱ्या गाडीजवळ गेले, मागचं दार उघडलं आणि आत बसले. चप्पल घालून. यार्डातला चिखल लागलेली चप्पल, नवीन मॅटवर. दार लावून घेतलं. काच खाली कशी करतात ते काल पाहिलं होतं. काच खाली केली आणि सांगितलं, पैसे आज, पूर्ण, हातात. तोपर्यंत मी इथंच बसली हाओ.

टायवाला आला, आजी असं करू नका म्हणाला. गार्ड आला. गार्ड माझ्याच वयाचा होता, त्यानं दाराला हात लावला नाही. ललिता हॉलच्या मधोमध उभी होती. तिला काय वाटत होतं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. थोड्या वेळानं ती आली. पुढचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसली. चप्पल घालूनच. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

नवीन लोक येत होते. आम्हाला पाहत होते, काय झालं म्हणून विचारत होते. साहेबाला त्याचा कागद अजून मिळाला नव्हता, तो मोठ्यानं बोलायला लागला होता. दुपार कलायच्या आत आमचे पैसे आले. पूर्ण आले. नियम कुठं गेला ते कोणी सांगितलं नाही.

निघताना मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, तो व्हिडिओ पुसून टाक बाई. ती म्हणाली, पुसला आजी.

हे वाचून वाटेल की मी जिंकले. तसं काही नाही. लाखांदूरचं लग्न गेलं. नागपूरहून बाया आल्या, त्यांनी पोळ्या केल्या, पुढच्या मोसमाची कामंही त्यांनाच मिळाली. ललिता चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, आत निघून जायची. एकदाच म्हणाली, "तुही जिद्द झाली, माहं काम गेलं."  तिचं म्हणणं बरोबर होतं.

गाडी आम्ही महिन्याभरानं दुसऱ्या शहरातून घेतली. तिथं दारातच एकानं विचारलं की सोबत कोणी जेन्ट्स आहेत का. ललितानं त्याला उत्तर दिलं नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "गाडी किती दाताची हाय?" तो गोंधळला. हसायला तोंड उघडलं त्यानं. ललिता हसली नाही. मीही नाही. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत उभ्या राहिलो. त्याचं हसू तसंच राहिलं, मग गेलं. म्हणाला, म्हणजे काय ताई. ललितानं सांगितलं. त्यानं कागद आणला. दोन महिन्यांची गाडी होती. हँडलिंग काढायला लावलं, कोटिंग काढायला लावलं, विमा आम्ही बाहेरून घेतला. तरी त्या यार्डातल्या गाडीपेक्षा ती महाग पडली.

आणि व्हिडिओ पुसला नव्हता. संक्रांतीच्या सुमारास माझ्या भाच्याच्या पोरीनं तो तिच्या मोबाईलवर पाहिला. त्यावर कोणीतरी वरून हसण्याचा आवाज आणि गाणं टाकलं आहे. गाडीचे दात विचारणारी आजी. किती लोकांनी पाहिला कोण जाणे. गावातली पोरं मला पाहून दात दाखवतात. बोडीवरच्या बायांनी विचारलं, खरंच तू असं बोलली का वो.

मी तो व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला. त्यात मी विचारते, सगळे हसतात, मी पदर तोंडाला लावते आणि हसते. तिथं तो संपतो. यार्ड त्यात नाही. वेल नाही. चार टायर नाहीत. आसगावच्या त्या माणसाची खाली गेलेली मान नाही. चिखलाच्या चपला नाहीत. ज्यांनी तो पाहिला त्यांच्यासाठी मी त्या खुर्चीत बसून अजून हसतेच आहे.

म्हणून बाकीचं मी लिहिलं. माझ्या शब्दाला कोणी हसलं तर मी आता सोबत हसत नाही. शब्द बदलत नाही. समोरचा हसून थांबेपर्यंत उभी राहते आणि तोच प्रश्न परत विचारते. बँकेत विचारते, दवाखान्यात विचारते. लोक म्हणतात म्हातारी कडू झाली. होय, झाली.

व्हिडिओत पदर लावून हसणारी बाई मी आहे. टायर पुसून आकडे वाचणारी, गाडीवरून मुलीचं नाव काढणारी बाईही मीच आहे. लाखांदूर तालुक्यातली, चौथी शिकलेली, बैलांचे दात पाहणारी. हे माझ्यासोबत झालं.